पाणी कुठे मुरतं

पेटीला काचेची खिडकी आहे, खिडकीला आतून वायपर,
आणि छातीच्या उंचीवर दोन भोकं,
त्यांत जाड रबरी हातमोजे, कायमचे जडवलेले.
सकाळी हात घालते तेव्हा ते कालच्या पाण्याने गार असतात.
जुलै आहे. पायसांदूत जुलै म्हणजे थंडी,
नदीवरून येणारी, शटरखालून सरपटत आत शिरणारी.

पाण्यात काचेचे मणी, रव्याहून बारीक.
पंप त्यांना ढवळतो, हवा त्यांना ढकलते,
आणि पाणी प्रत्येक मण्याला अंगाखाली घेऊन
त्याचा मार मऊ करतं.
धातू खरवडत नाही. त्याच्यावरचं तेवढं जातं:
काजळी, जळकं तेल,
कुणीतरी हौसेने फासलेला चंदेरी रंग.

"आणि धूळ नाही," डॉन अन्सेल्मो रोज म्हणतात,
दाराशी बसून, येर्बाचा कडू पेला गुडघ्यावर.
ते कोरड्या वाळूच्या जमान्यातले.
तोंडाला नुसता रुमाल बांधून त्यांनी इंजिनं सोलली.
ती वाळू अजून छातीत आहे,
खोकले की ऐकू येते.

आज विल्मार इरिगोयेनच्या टॅक्सीचं हेड.
तक्रार एका ओळीची: गाडी पाणी पिते.
होज बदलले, गॅस्केट बदललं, रेडिएटर दोनदा,
पाणी कुठे मुरतंय ते कुणालाच सापडेना.

आधी केरोसिनने ओशटपणा काढला,
तेलाच्या वाटांना रबरी बुचं मारली.
(एक मणी आत राहिला की बेअरिंग खातो.
हे मला अन्सेल्मोंनीच शिकवलं, टपली मारून.)
मग पेडल दाबलं.

पहिल्यांदा वर आला ओतकामाचा आकडा,
चारच्या पोटात हवेचा बुडबुडा.
मग साच्याची शिवण.
मग खिडकी धुरकटली, वायपर फिरवला,
तर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये
केसाएवढी रेघ,
रेघेवर अर्ध्यात सोडलेलं वेल्डिंग,
पुढे नुसती लांबी भरून, घासून सपाट.

म्हणीत पितळ उघडं पडतं.
इथे ॲल्युमिनियम.

वेल्डिंगला हस्ताक्षर असतं.
उजवीकडून डावीकडे येणारं,
प्रत्येक टाक्याला शेवटी छोटी शेपटी:
हे अक्षर मी नऊ वर्षं गिरवलंय.

चंदेरी रंगाचा डबा हाताच्या अंतरावर होता.

हेड धुतलं, वाळवलं, दाराशी नेलं.
त्यांनी चष्मा पुसला. बोट फिरवलं. पुन्हा चष्मा पुसला.
मी त्यांच्यासाठी कारणं मांडत गेले:
गर्दी असेल त्या दिवशी, आर्गॉन संपला असेल,
गिऱ्हाईक डोक्यावर उभं असेल.

"नाही," ते म्हणाले. "निवांत दुपार होती.
आर्गॉन होता. पैसे पूर्ण मिळाले होते.
मला कंटाळा आला होता."

पेला रिकामा होता, तरी नळी ओढत राहिले.
"विल्मारला सांग. माझं नाव घालून सांग."

विल्मार संध्याकाळी आला, टोपी काढली नाही.
त्याने रेघ पाहिली, अन्सेल्मोंकडे पाहिलं नाही.
"एकोणतीस वर्षं," म्हणाला,
"डिकीत पाण्याचा कॅन घेऊन फिरतोय.
मला वाटायचं, गाडीचा स्वभावच तसा."

तो गेल्यावर बराच वेळ पंपाचाच आवाज.
मी प्रत्येक वाटेतून पाणी सोडलं, हवा मारली,
पुन्हा पाणी, कागदावर ठोकून पाहिलं,
मणी मोजायचे नव्हते, तरी मोजले. सात.

उद्या ती रेघ मुळापर्यंत कोरायची, नव्याने भरायची.
अन्सेल्मो म्हणाले, मी करतो.
पेला धरतानाही त्यांचा हात हलतो.
मी नाही म्हटलं.
मग थोड्या वेळाने म्हटलं,
वेल्डिंगआधी हेड तापवायचं काम तुमचं.
सगळीकडून सारखं, सावकाश.
कंटाळा आला तर सांगा.